पोचल्याची वेळ

"कशासाठी चाललात, ते विचारलं तर चालेल?"

मुंबईच्या विमानतळावर शेजारच्या खुर्चीतल्या मुलीनं मला विचारलं. गळ्यात ओळखपत्र, मांडीवर परीक्षेला नेतात तसलं पॅड. गार्गी सबनीस तिचं नाव. पुण्याच्या एका संस्थेत ती संशोधन करत होती. विमानांना उशीर झाला, विमानं रद्द झाली, की प्रवाशांचा नेमका किती वेळ जातो, हे तिला मोजायचं होतं. आमचं हैदराबादचं विमान थोडं उशिरा सुटणार असं नुकतंच सांगितलं होतं, म्हणून तिचं काम सुरू झालं होतं.

"मिस्टरांना भेटायला," मी म्हटलं. "विशाखापट्टणमला. ते बोटीवर असतात."

"किती दिवसांनी भेटणार?"

"सहा महिने होत आले."

ती हसली. म्हणाली, मग आज विमानाला उशीर होऊन चालायचंच नाही. मीही हसल्यासारखं केलं.

आमचं गाव गुहागर तालुक्यात, खाडीच्या तोंडाशी. आमच्याकडे घरटी एक तरी माणूस बोटीवर असतो. हे इंजिनात फिटर होते. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि त्यातलं जेमतेम एक वर्ष आम्ही एका घरात काढलं असेल. तक्रार नव्हती. माझी आईसुद्धा अशीच राहिली, सासूबाईही.

दोन दिवसांपूर्वी बोटीच्या एजंटच्या ऑफिसातून अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, फोन आला होता. यांची बोट कोळसा घेऊन विशाखापट्टणमला लागत होती. माल उतरवून दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या भरतीला ती पुन्हा बाहेर पडणार होती. रेल्वेनं वेळेत पोचणं जमणार नव्हतं. माझा थोरला भाऊ नंदादा डोंबिवलीला असतो, त्यानं धावपळ करून विमानाचं तिकीट काढलं, हैदराबादला विमान बदलायचं होतं. त्या विमानात एकच जागा उरली होती. त्यामुळे अण्णा आणि नंदादा दारापर्यंत सोडायला आले आणि मी एकटीच आत गेले. त्याआधी विमान मी फक्त आकाशात पाहिलं होतं.

मला यांना एक गोष्ट सांगायची होती. ती फोनवर सांगायची नाही असं घरात सगळ्यांचं ठरलं होतं. शेजारच्या गावातल्या एका खलाशाला बोटीवर असताना फोनवरून घरची वाईट बातमी कळली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीला तो बोटीवर नव्हता. बोटीवर नव्हता म्हणजे कुठे असणार? तेव्हापासून आमच्याकडे समुद्रावरच्या माणसाला फोनवर असलं काही सांगत नाहीत. अण्णांनी एजंटशी बोलून ठेवलं होतं. मी बंदरात जाऊन यांना समोर बसवून सांगायचं, मग कॅप्टन त्यांना तिथेच उतरू देणार, आणि आम्ही दोघं मिळून घरी यायचं. निघताना अण्णा मला एवढंच म्हणाले, "त्याला घेऊनच ये, नयना."

विमानतळावरच्या त्या पाटीवर आमच्या विमानाची वेळ बदलत राहिली. आधी थोडा उशीर, मग आणखी थोडा, मग आणखी. एकदम मोठा उशीर सांगितला असता तर कदाचित दुसरं काही करता आलं असतं. पण दर वेळी वाटायचं, एवढंच ना, एवढं चालेल. गार्गी मधे मधे येऊन बसायची. तिनं चहा आणून दिला. मी काही खाल्लेलं नाही हे तिच्या लक्षात आलं असावं, कारण तिनं बिस्किटांचा पुडा फोडून आमच्या दोघींच्या मधे ठेवला आणि स्वतः आधी एक घेतलं. तीही त्याच विमानानं हैदराबादला येणार होती. तिथे तिच्या सरांचं दुसरं पथक काम करत होतं.

विमान अखेर सुटलं तेव्हा सकाळ संपत आली होती.

हैदराबादला उतरल्यावर गार्गीनं माझी पिशवी घेतली आणि आम्ही दोघी अक्षरशः धावलो. विशाखापट्टणमच्या विमानाच्या दाराशी पोचलो तर दार बंद झालेलं. काचेपलीकडे विमान उभं होतं. खिडक्यांमधून आत बसलेल्या माणसांची डोकी दिसत होती. काउंटरवरचा मुलगा नम्रपणे सांगत होता की आता दार उघडता येणार नाही. गार्गी त्याच्याशी इंग्रजीत भांडली. मी काचेला हात लावून उभी राहिले. मला खरंच वाटत होतं, एवढ्या जवळ आहे तर कुणीतरी उघडेल. मग ते विमान हळूहळू मागे सरकायला लागलं.

त्यानंतरचं विमान रद्द झालं होतं. त्याची सगळी माणसं त्याच काउंटरवर दाटली होती. कुणी ओरडत होतं, कुणी फोनवर बोलत होतं, एक बाई दोन पोरांना घेऊन जमिनीवर बसली होती. गार्गीनं रांगेत उभं राहून माझ्यासाठी त्याच्या पुढच्या विमानात जागा मिळवली. हात जोडून मिळवली. मी ते लांबून पाहिलं.

येऊन बसल्यावर ती घाम पुसत म्हणाली, "आता बघा ताई, मुंबईहून आलेलं आपलं विमान कागदावर दीड तास उशिरा पोचलं. संपलं. आणि हे रद्द झालेलं विमान तर उशिराच्या हिशोबात येतच नाही. जे सुटलंच नाही त्याला उशीर कसला! पण तुम्ही? तुमचा आख्खा दिवस गेला. सगळे विमान मोजतात. माणूस किती उशिरा पोचला, ते कुणी मोजत नाही. आम्ही तेच करतोय."

तिनं माझा नंबर घेतला. पोचल्याची वेळ तेवढी मला कळवा, म्हणाली, नाहीतर मीच फोन करीन.

मी तिला बोट कधी सुटणार ते सांगितलं नव्हतं. का कोण जाणे. सांगितलं असतं तर तिनं त्या मुलाशी आणखी भांडण केलं असतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. हेच होते. एजंटच्या माणसाकडून फोनचं कार्ड घेतलं होतं.

"कुठपर्यंत आलात गो?" यांचा आवाज असा होता की मला डोळे मिटून घ्यावे लागले.

मी सांगितलं, हैदराबादला आहे, विमान चुकलं, पुढच्यानं येते. हे म्हणाले, माल उतरवायचं काम चालू आहे, वेळ लागेल असं साहेब म्हणतायत, काळजी करू नका, जपून या. मागून इंजिनाची घरघर ऐकू येत होती. अण्णांनी बजावून सांगितलं होतं तेवढंच मी बोलले आणि फोन ठेवला.

पुढचं विमान दुपार कलल्यावर सुटलं. मी आत जाताना गार्गीनं माझा हात दाबला. ती तिकडेच राहिली.

विशाखापट्टणमला उतरले तेव्हा ऊन खाली आलं होतं. बाहेर एजंटचा माणूस माझ्या नावाचा कागद धरून उभा होता. अप्पाराव त्याचं नाव, तोडकं हिंदी बोलायचा. गाडीत बसल्यावर तो सारखा फोन करत होता, तेलुगूत बोलत होता, आणि प्रत्येक फोननंतर त्याचा आवाज बारीक होत होता. शेवटी त्यानं ड्रायव्हरला काही सांगितलं आणि गाडी वळली. मागे न बघता मला म्हणाला, "मॅडम, शिप निकल गया. पायलट जल्दी आ गया. बंदर जाके फायदा नहीं." पायलट म्हणजे बोटीला बंदराबाहेर काढून देणारा माणूस.

तो मला समुद्रकाठच्या रस्त्यावर घेऊन गेला. माणसं फिरायला आली होती, कणीसवाले कणसं भाजत होते, मुलं वाळूत खेळत होती. अप्पारावनं हात करून दाखवलं. बंदराच्या तोंडातून बाहेर पडून एक काळं-लाल जहाज समुद्रात चाललं होतं. इतकं जवळ की त्यावरचे खांब मोजता आले असते.

फोन वाजला.

"दिसतंय का जहाज?"

"दिसतंय," मी म्हटलं.

"मी मागच्या कठड्याशी उभा आहे. साहेबांनी सोडलं पाच मिनिटं. एजंट म्हणाला तुम्हाला रस्त्यावर आणून उभं करतो म्हणून." यांना धाप लागली होती, इंजिनातून धावत वर आले असणार. "नयना, बाबूला जरा उचलून वर धर. मला काही दिसायचं नाही, पण धर."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. 'कुठपर्यंत आलात' म्हणाले होते. 'जपून या' म्हणाले होते. एजंटनं यांना सांगितलं होतं की घरून बायको येतेय. यांनी मनाशी धरलं होतं की मी बाळाला दाखवायला आणतेय.

बाळ नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी बाळ गेलं होतं. यांनी बोटीवरून फोन करून ज्याचं नाव मिहिर ठेवायला सांगितलं, आणि आम्ही सगळे ज्याला बाबू म्हणायचो, तो सात आठवड्यांचा होऊन, तापानं, तालुक्याच्या गावी पोचायच्या आत माझ्या मांडीवर गेला. तेच सांगायला मी आले होते. मधे यांचा एकच फोन आला होता, तो अण्णांनी घेतला होता आणि सगळं बरं आहे म्हणून सांगितलं होतं.

आता सांगितलं तर? जहाज चाललं होतं. उतरवून घ्यायला कुणी नव्हतं. हे कठड्याशी उभे होते. त्या शेजारच्या गावातल्या खलाशाची आई माझ्या डोळ्यांसमोर आली.

"झोपलाय," मी म्हटलं.

हे एकदम हळू आवाजात, जणू मोठ्यानं बोललं तर तो जागा होईल, म्हणाले, "मग राहू दे. उठवू नको."

पुढे काहीतरी म्हणाले ते तुटक तुटक आलं आणि फोन बंद पडला. मी रिकामे हात घेऊन उभी होते. अप्पारावला सगळं माहीत नव्हतं, पण काहीतरी कळलं असावं. तो जरा लांब जाऊन समुद्राकडे पाठ करून उभा राहिला.

घरी आले तेव्हा अण्णांनी दारातच माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या हातातली पिशवी घेतली.

पुढे यांची बोट कुठल्या कुठल्या परदेशी बंदरांतून फिरत राहिली. दोन-तीन आठवड्यांनी कधी तरी फोन यायचा. पहिल्यांदा यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, बरा आहे. पण बाप तेवढ्यावर थांबतो का? मान धरतो का, विचारलं. धरतो म्हटलं. पुढच्या वेळी विचारलं, पालथा पडतो का. शेजारच्या वहिनींचं बाळ त्याच महिन्यातलं होतं. मी त्याला बघून यायचे आणि सांगायचे. पडला पालथा, हात अडकला अंगाखाली, रडला. हे हसायचे. तुमचा फोटो दाखवला की हुंकार देतो, असं मी एकदा म्हटलं. ते वहिनींच्या बाळाचं नव्हतं, ते माझ्याच मनातलं होतं. यांनी ते बोटीवर सगळ्यांना सांगितलं. पुढच्या फोनला म्हणाले, आचाऱ्यानं त्या दिवशी शिरा केला. खालचे दोन दात आले, ते सांगितलं तेव्हा सासूबाई बाजूला बसून भाजी निवडत होत्या. त्या उठून आत गेल्या.

मधेच एकदा गार्गीचा फोन आला. माझी पाहणी संपत आलीय, तुमची पोचल्याची वेळ तेवढी राहिलीय, म्हणाली. विमानतळावर उतरल्याची नको, जिथे जायचं होतं तिथे पोचल्याची हवी.

ती म्हणाली, अंदाजे सांगितलीत तरी चालेल.

"गार्गी," मी म्हटलं, "मी अजून पोचले नाही."

तिला वाटलं मी चेष्टा करतेय. मग वाटलं नाही. मी तिला सगळं सांगितलं. घराबाहेर कुणाला सांगितलं असेल तर त्या एका मुलीला, जिला मी एक दिवस पाहिलं होतं. ती बराच वेळ रडत होती. शेवटी म्हणाली, ताई, आमच्याकडे एवढा मोठा आकडा लिहायची सोयच नाहीये.

विशाखापट्टणमनंतर चार महिन्यांनी हे उतरले. चिपळूण स्टेशनावर मी एकटीच आणायला गेले. अण्णा येतो म्हणाले, मीच नको म्हटलं. गाडीतून हे उतरले ते एक मोठं खोकं छातीशी धरून. वर चित्र होतं, पांगुळगाड्याचं. उतरल्या उतरल्या यांनी माझ्या मागे पाहिलं, आजूबाजूला पाहिलं. "आईकडे ठेवलास होय?"

मी यांना फलाटावरच्या बाकावर बसवलं आणि सांगितलं. एका दमात सांगितलं. चार महिने ते वाक्य मी रोज मनात म्हणत होते.

हे ओरडले नाहीत. खोकं मांडीवर तसंच होतं. यांनी विचारलं, "कधी?"

मी तारीख सांगितली. यांनी मनात मोजलं. ओठ हलताना मला दिसत होते.

"मग विशाखापट्टणमला कोण झोपलं होतं?"

मी खोक्यावरच्या त्या चित्राकडे पाहिलं.

"दात आले म्हणालीस."

"नव्हते आले."

"फोटो बघून हुंकार देतो म्हणालीस."

मी नुसती मान हलवली. हे म्हणाले, "बरं." आणि उठले. खोकं घेऊनच उठले.

यांनी मला कधीच बोल लावला नाही. अण्णांना म्हणाले, तिनं केलं ते बरोबर केलं, मला तिथे कळलं असतं तर काय झालं असतं सांगता येत नाही. पण दुसऱ्या दिवशी शेजारचे भेटायला आले आणि रीतीप्रमाणे म्हणाले, कोवळं पोर हो, दीड-पावणेदोन महिन्यांचं, लळा लागायच्या आत गेलं. तर हे एकदम म्हणाले, "माझा सहा महिन्यांचा होता."

मला तेव्हा समजलं, की माझं गेलं ते बाळ वेगळं आणि यांचं गेलं ते वेगळं. माझं तान्हं होतं, माझ्या दुधाचं. यांचं रांगायला आलेलं होतं, त्याला दोन दात होते, ते बापाला ओळखत होतं. मी माझ्यासाठी रडून घेतलं होतं तेव्हा हे समुद्रावर हसत होते. आता हे रडत होते आणि त्या रडण्यात मला जागा नव्हती, कारण ते मूल मी कधी पाहिलंच नव्हतं. खाडीकाठी जिथे बाबूला पुरलं तिथे अण्णा यांना घेऊन गेले. हे वाटेतून परत आले. म्हणाले, तिथे माझा नाहीये.

महिन्या-दोन महिन्यांनी हे पुन्हा बोटीवर गेले. मग आमची ऋता झाली. वर्षं गेली. या गोष्टीबद्दल आम्ही बोललो नाही. बोलायला काही बंदी नव्हती, पण बोललो नाही. अण्णा गेले, सासूबाई गेल्या. यांची कंबर धरली, तेव्हा यांनी बोट सोडली आणि जेटीजवळ मच्छीमारांची इंजिनं दुरुस्त करायचं दुकान टाकलं. ऋता कॉलेजसाठी चिपळूणला राहायला गेली.

गेल्या वर्षीची गोष्ट. दुपारी मी यांचा डबा घेऊन दुकानावर गेले होते. गिऱ्हाईक नव्हतं. हे खाली बसून कुठला तरी सुटा भाग रॉकेलनं धूत होते. मी डबा उघडून ठेवला, हात धुवा म्हटलं. यांनी वर न बघताच विचारलं, "ते पहिले सात आठवडे तरी खरे होते ना?"

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं, आणि मी स्टुलावर बसले.

"होते."

"ते कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"आता विचारतोय."

मी सांगायला लागले. आधी शब्द येईनात. इतक्या वर्षांत कुणापुढे काढले नव्हते. म्हटलं, उन्हात नेला की शिंकायचा, एकदा नाही, दोनदा. दूध पिताना माझ्या बांगडीत बोट अडकवायचा आणि मग सुटत नाही म्हणून दूध सोडून रडायचा. डावा कान जन्मतःच वर दुमडलेला होता. सुईण म्हणाली, तेल लावून चोळत जा, येईल सरळ. मी रोज आंघोळीच्या आधी चोळायचे.

यांचे हात थांबले होते. रॉकेल कोपरापर्यंत ओघळत होतं.

"मग झाला सरळ?"

"झाला."

"पूर्ण?"

"पूर्ण. शेवटच्या आठवड्यात अगदी सरळ झाला होता."

यांनी चिंधीला हात पुसले, बोट न् बोट पुसलं. डबा तसाच होता. बाहेर कुणीतरी हाक मारत होतं, त्याला ओ दिली नाही. डोळ्यांतलं पाणी तसंच गालावर येऊ दिलं आणि सरकून माझ्या पायाशी भिंतीला टेकून बसले.

"अजून सांग," म्हणाले.